पूर्वदोषसिद्धी आणि वाढीव शिक्षा : श्रीगोंदा तालुक्यातील पारधी समाजाच्या संदर्भात

एकदा शिक्षा भोगूनही जो पुन्हा गुन्हा करतो त्यास अधिक कठोर शिक्षा व्हावी, हे तत्त्व भारतीय दंड संहितेच्या कलम ७५ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये ते कायम आहे. मालमत्तेविरुद्धच्या, तीन वर्षे वा अधिक कारावासास पात्र अशा गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेली व्यक्ती तशाच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरल्यास तिला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. साधी चोरीही या कक्षेत येते. पहिली शिक्षा ही ताकीद असून ती न जुमानणाऱ्याचा दोष मोठा, असा यामागील युक्तिवाद होय.

हा युक्तिवाद वरकरणी निर्दोष वाटतो. तथापि श्रीगोंदा तालुक्यातील पारधी वस्त्यांच्या संदर्भात तो तपासला असता त्याचा एक पाया डळमळीत असल्याचे दिसून येते. या समाजाच्या बाबतीत ‘पूर्वीचा गुन्हा’ ही कल्पना व्यक्तीच्या आधी जमातीस चिकटली. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुंबई इलाख्यातही जमातींना गुन्हेगार घोषित करण्याची वाट खुली केली. त्यातील तसेच १९२४ च्या कायद्यातील कलम २३ अन्वये अशा जमातीच्या सदस्यास ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्या दोषसिद्धीस किमान सात वर्षे कारावास आणि तिसऱ्या दोषसिद्धीस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होती. त्याच चोरीसाठी शेजारच्या गावकऱ्यास हे कलम लागू नव्हते! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. १९५९ च्या मुंबई राज्याच्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्याने जमातीऐवजी व्यक्ती हा निकष स्वीकारला, ही निश्चितच प्रगती होय.

परंतु निकष बदलला तरी संशयाची दिशा बदलतेच असे नाही. चोरी झाली की पोलीस प्रथम ज्या वस्तीवर जातात, त्या वस्तीतील माणसाच्या नावावर दोषसिद्धी जमा होण्याची शक्यता अधिक. जामीनदार नाही, वकिलाशी धड बोलणे नाही, अशा स्थितीतील आरोपी कोठडीतील दिवसांएवढ्याच शिक्षेवर सुटका होईल या आशेने गुन्हा कबूल करतो. पुढे तीच कबुली ‘पूर्वदोषसिद्धी’ म्हणून उभी राहते. न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू परत केल्यास प्रथम दोषी ठरणाऱ्यास समाजसेवेची शिक्षा आहे. दुसऱ्यांदा मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी. घाईतील कबुलीची किंमत येथे कळते.

वाढीव शिक्षा मागावयाची असल्यास पूर्वदोषसिद्धीचा उल्लेख दोषारोपात करावा लागतो, आणि चालू गुन्हा सिद्ध झाल्यावरच तिची शहानिशा होते. हे संरक्षण मोलाचे आहे. मात्र या शहानिशेत आरोपी पूर्वी दोषी ठरला होता काय, एवढेच पाहिले जाते; तो कसा ठरला, हे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीआधारित तरतुदी तसेच विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारीशी जोडणारे उल्लेख घटनाबाह्य ठरविले. तो निर्णय तुरुंगाच्या भिंतीआतील आहे. शिक्षेच्या प्रमाणावरील सुनावणीत पूर्वीची दोषसिद्धी कबुलीवर आधारित होती काय आणि त्या वेळी आरोपीस वकील होता काय, हे दोन प्रश्न तालुका न्यायालयानेही विचारावयास हवेत. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.