गुरुजी दळायचे व्हय रं?

माझी मावसबहीण एम.ए.चा प्रबंध लिहितेय, स्त्रीगीतांवर. लॅपटॉप माझा, झोटेरोही मीच टाकून दिलेलं, त्यामुळे संदर्भसूचीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. गोवंडीच्या आमच्या घरात टीव्ही रात्री अकराला बंद होतो, त्यानंतर आम्ही बसायचो. एका ओवीपाशी गाडी अडली. ओवी साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहातली. बहिणीने लेखकाच्या रकान्यात टाकलं होतं : साने, पांडुरंग सदाशिव.

मी ओवी मोठ्याने वाचली तशी पलीकडे आडवी झालेली आजी उठून बसली. “ही तर आमच्याकडं म्हणायच्या. गुरुजी दळायचे व्हय रं?”

गुरुजींनी त्या ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या. रचल्या नाहीत. संग्राहकाला कवी करतो ते आपण, रकाना रिकामा दिसला की भरायची घाई होते म्हणून. गिट वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल. तिथे ऑथर आणि कमिटर अशी दोन वेगळी नावं ठेवायची सोय असते. दुसऱ्याचा कोड मी आत घेतला तरी तो माझा होत नाही.

नियम तसा सोपा आहे. एमएलए शैलीत लेखक माहीत नसेल तर नोंद थेट शीर्षकाने सुरू करतात. ‘अनामिक’ हे लेखकाचं नाव असल्यासारखं लिहायचं नाही. ओवीला शीर्षक नसतं, म्हणून आधी पहिला चरण, मग संग्रहाचं नाव, मग संपादक म्हणून गुरुजी, पान. पाच मिनिटांत झालं. पण आजीचा प्रश्न तिथेच राहिला.

कमलाबाई देशपांड्यांनी स्त्रीगीतांवरच्या आपल्या पुस्तकाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असं नाव दिलं. मराठी समीक्षेतल्या मला आवडणाऱ्या शीर्षकांपैकी हे एक. अपौरुषेय म्हणजे वेद, ज्यांना कर्ता नाही असं मानतात; आणि अपौरुषेय म्हणजे सरळ, पुरुषांनी न केलेलं. दुसरा अर्थ खट्याळ आहे आणि खरा आहे. पहिल्या अर्थाची मला भीती वाटते. ओव्या आकाशातून पडल्या, कुणा एकीला विचारायची गरजच नाही, असं म्हणायची मुभा त्यातून मिळते. यूट्यूबवर गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतात, त्याचंच हे भारदस्त रूप.

आणि ओवीत नावं नसतात असं थोडंच आहे! अभंगाच्या शेवटी तुकाराम, जनाबाई आपलं नाव घालतात. दळणारी बाई घालते भावाचं, लेकाचं. एका बाईची ओवी दुसरीकडे गेली की फक्त नाव बदलतं, बाकी ओळ तीच. म्हणजे व्हेरिएबलच. छापताना भाऊ पुस्तकात जातो, म्हणणारी बाहेर राहते.

विचारलं की नावं मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, गाणारीचं नाव आणि गाव यांसह. आता त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. त्यांत 1996 साली माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित केलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. नाव-गाव काढून त्या वाचून बघा. ‘लोकमानस’ वगैरे शब्द लगेच सुचतील. भीमनगर हा पत्ता परत लावला, की एक बाई ठरवून, भूमिका घेऊन बोलतेय हे ऐकू येतं. समीक्षेचा निष्कर्षच बदलतो, म्हणून संदर्भ देणं मला कारकुनी वाटत नाही.

यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे : गाणारी म्हणजे रचणारी नव्हे. गाथासप्तशतीचंच घ्या. हस्तलिखितांत काही गाथांपुढे कवींची नावं आहेत, पण सगळी हस्तलिखितं एकमेकांशी जुळत नाहीत. खोटी खात्री नकोच. तिथे ‘कवयित्री’ न लिहिता ‘गायिका’ लिहावं. माहीत आहे तेवढंच. आजीलाही विचारलं, ही तू केलीस का? “सासूकडनं आली. मधला शब्द माझा.” तो शब्द गुरुजींच्या पाठात नाही, आणि मला तोच जास्त आवडला. छापील ओवीत भाऊ भेटायला येतो. आजीच्या ओवीत तो येऊन उंबऱ्यावरूनच परत जातो.

बहिणीने मग दोन नोंदी केल्या. एक संग्रहाची. दुसरी मुलाखतीची : आजीचं नाव, गोवंडी, तारीख. शैलीची अट अशी की आडनाव आधी. स्क्रीनवर आजी तिच्या सासरच्या आडनावाखाली गेली. मी वाचून दाखवलं.

“ह्या नावानं मला कोण वळखतंय?” म्हणाली आणि झोपली. बहीण अजून सूचीत तिची जागा शोधतेय.