बांगड्या फोडणारी कविता

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आपली कविता मात्र अजून बांगड्या फोडतेच आहे. सव्वीस जानेवारी असो, कारगिल विजय दिन असो, व्यासपीठावरून वीरपत्नीवर म्हटली जाणारी कविता त्याच ठरलेल्या खुणांवरून चालते. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, फुटलेला चुडा, पुसलेलं कुंकू आणि शेवटी धाकटा मुलगाही देशाला देऊ करणारी आई. टाळ्या नेमक्या तिथं पडतात. हेरवाडच्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, म्हणजे फौजी घरं कवींना दूरची नाहीत. तरी त्या घरांत काय चालतं याचा पत्ता या कवितांना नाही.

वीररसाचा मी वैरी नाही. नेसरीच्या सात स्वारांवरची कुसुमाग्रजांची कविता हृदयनाथांच्या चालीत, लताबाईंच्या आवाजात आजही अंगावर येते. पण नेसरी आमच्या गडहिंग्लज तालुक्यातली. 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर पडले, पुढे शिवाजी महाराजांनी त्यांची लेक जानकीबाई आपल्या राजारामांना करून घेतली. एका घराचं असं झालं. उरलेल्या सहा घरांचं? कुसुमाग्रजांना तो प्रश्न पडला नाही, पडायचं कारणही नव्हतं; ती दौडीची कविता आहे. दोष त्यांचा, ज्यांनी तिच्यानंतर नुसती दौडच लिहिली. पोवाडा रणात सुरू होतो आणि रणातच संपतो. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुरात डफाची थोरवी मी काय सांगावी, पण घरी येणं हे त्याचं कामच नव्हे. बासष्टच्या चीन युद्धानंतरची समरगीतं पोरांना कवायतीला चांगली.

घर सापडतं ते जात्यावर. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या चाळताना जाणवतं की इथं बाईसमोर सभा नाही. पहाटेचा अंधार, समोर फार तर जाऊ किंवा नणंद. ती दूरच्या लेकाला राघू म्हणते, भावाला बंधवा म्हणते, त्याची वाट बघते, सासरचं गाऱ्हाणं त्यातच सांगते आणि दळण थांबवत नाही. दुःखासाठी तिला वेगळा वेळ मिळालेलाच नाही. म्हणून ओवीतला हुंदका दोन ओळींत मावतो आणि तरी खरा वाटतो.

असे कित्येक राघू फौजेत होते. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र संख्याच तेवढी लिहिली. आपली समारंभी कविता याहून काय वेगळं करते? तिच्यातला जवान कुणाचाच राघू नसतो.

आणि इंदिरा संत! 1946 मध्ये त्यांचे पती ना. मा. संत गेले. त्यानंतर 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' या संग्रहांतून मागे राहिलेल्या बाईची जी भाषा मराठीत घडली, तिच्यात युद्धाचं नावही नाही. पाऊस येतो, दिवेलागण होते, दाराशी कुणी उभं नसतं. आक्रोशाची गरज पडत नाही. हे घडलं बेळगावात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र जिथं आहे त्याच गावात. आमच्या युद्धकवींनी इंदिराबाईंकडून एक ओळही शिकू नये, याचा मला संताप येतो.

कुणी म्हणेल, वीरपत्नीचा अभिमान खोटा का? मुळीच नाही. पण तो तिनं सांगायचा, तिच्या वतीनं दुसऱ्यानं घोषणा द्यायच्या नाहीत. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं पुन्हा लग्न केलं की बंद व्हायचा. चालू राहायचा तो दिराशी लग्न केलं तरच. ही अट 2017 मध्ये निघाली. तोवर किती स्वयंपाकघरांत सासूनं हा विषय काढला असेल, धाकटा दीर मान खाली घालून बाहेर गेला असेल, पंचविशीतल्या सुनेनं काय उत्तर दिलं असेल? यावर मराठीत एक कविता दाखवा. पेन्शनच्या कागदावर कुणाचं नाव आणि जवानाची ट्रंक उघडायची कुणी, यावर दाखवा. पोरगा बापाचा फोटो बघून ओळखीचं काहीच वाटत नाही म्हणतो, त्यावर दाखवा. चुड्याच्या काचा वेचून झाल्या असतील तर इकडे या.

कविसंमेलनांच्या संयोजकांना माझं सांगणं आहे: त्या बाईला शाल-नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवायचं आणि तिच्यासमोर तिच्याच कपाळाचं वर्णन करायचं, हा क्रूरपणा बंद करा. माइक तिच्या हातात द्या. ती कदाचित नवऱ्याविषयी बोलणारच नाही. थोरल्याच्या कॉलेजची फी, वाटणीतलं रान, सासऱ्यांचा मोतीबिंदू याविषयीच बोलेल. कवींनी तेही शेवटपर्यंत बसून ऐकावं.