पटावरची गोष्ट नियमात असते

कथाप्रधान बोर्ड गेम म्हटलं की हल्ली जड खोकं, शेकडो पत्ते, पुतळे आणि जाडजूड पुस्तक एवढं सगळं आलंच. आयझॅक चिल्ड्रेस यांच्या २०१७च्या ‘ग्लूमहेवन’चं खोकं दहा किलोच्या आसपास भरतं; आत ९५ प्रसंग आहेत. खेळ उत्तम आहे. प्रत्येक पत्ता कधी वापरायचा आणि कधी त्या प्रसंगापुरता गमवायचा हा पेच डोक्याला खरं खाद्य देतो. पण महिन्याभराने आठवायला बसलं तर लढाया आठवतात, माणसं आठवत नाहीत. दोन लढायांच्या मधला मजकूर वाचून होतो आणि विरून जातो. एकट्याने किंवा मिळून खेळायच्या खेळांची आजची अडचण मला हीच वाटते. गोष्ट मजकुरात भरली जाते आहे, आणि खेळात ती राहते नियमात.

मजकूर वाईट असतो असं मुळीच नाही. १९८१ सालचा ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ जवळजवळ सगळा मजकूरच आहे. लंडनचा नकाशा, पत्त्यांची निर्देशिका, त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि दहा प्रकरणं. फासा नाही, सोंगटी नाही. कुणाकडे जायचं ते ठरवा, तो परिच्छेद वाचा, आपसात वाद घाला. १९८५ साली त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. इथे वाचणं हीच खेळी आहे. वर्तमानपत्रातली एखादी फुटकळ जाहिरात कामाची आहे की नाही, हे पुस्तक सांगत नाही; ते भिडूंनीच ताडायचं असतं. शेवटी होम्सच्या उत्तराशी गुणांची तुलना होते, तिथे मात्र खेळ उणा पडतो. होम्सच्या तर्काच्या उड्या कधी कधी पटतच नाहीत.

त्याच दशकातला एरिक गोल्डबर्ग यांचा ‘टेल्स ऑफ द अरेबियन नाइट्स’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन हजारांहून जास्त परिच्छेद आहेत, आणि प्रसंगांची नुसती उधळण. पण आपण निवडलेली कृती आणि तिचं फळ यांचा धागा इतका सैल की थोड्या वेळाने निवड करण्यात जीव राहत नाही. मंडळी जमवून हसायला छान. एकट्याने खेळायला पोकळ.

खरा बदल घडवला तो रॉब डॅव्हिओ यांनी. २०११च्या ‘रिस्क लेगसी’त पटावर कायमची खूण करायची, पत्ता फाडून टाकायचा ही कल्पना त्यांनी आणली. मग मॅट लीकॉक यांच्यासोबत २०१५ साली ‘पँडेमिक लेगसी’ केला. रोगांच्या साथींशी सगळ्यांनी मिळून लढायचं. बारा महिन्यांची गोष्ट, दर महिन्याला फार तर दोन डाव. एखादं शहर हातून गेलं की त्यावरचा स्टिकर पुढच्या डावातही तसाच असतो. मूळ ‘पँडेमिक’मध्ये एक जुनं दुखणं होतं: सगळी माहिती उघडी, त्यामुळे अनुभवी भिडू हुकूम सोडतो आणि बाकीचे सोंगट्या हलवतात. ते दुखणं इथेही पूर्ण जात नाही. पण नुकसान कायमचं झालं की गप्प बसणाराही बोलू लागतो.

‘आर्कहॅम हॉरर’चा २०१६चा पत्त्यांचा खेळ याहून सूक्ष्म आहे. त्यात प्रसंग हरला तरी तोच पुन्हा खेळत बसायचं नाही. हार नोंदवायची, मनावरचा घाव वहीत लिहायचा आणि पुढे जायचं. पराभव हाही कथेचाच भाग होतो. एकट्याने खेळायला या घडीला माझी पहिली शिफारस हीच.

‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये तर हातात सैनिकच नाहीत. वेढा पडलेल्या शहरातले सामान्य लोक आहेत; मूळ व्हिडिओ गेमला सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा होती. दिवसा पडकं घर सावरायचं, रात्री अन्न शोधायला कुणाला तरी बाहेर पाठवायचं. कुणाला पाठवायचं, या एका प्रश्नात अख्खी कादंबरी आहे.

आणि तरीही या प्रकारातली सर्वांत थोर गोष्ट मला पटाविना भेटली. टिम हचिंग्ज यांच्या ‘थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर’ला वही, पेन आणि दोन फासे पुरतात. दहा बाजूंच्या फाशातून सहा बाजूंच्या फाशाचा आकडा वजा करायचा, तितके क्रमांक पुढे किंवा मागे जायचं आणि तिथल्या प्रश्नाला आपल्या रक्तपिपासू नायकाच्या तोंडून उत्तर लिहायचं. मेख एकच: त्याच्या मनात पाचच आठवणी मावतात. सहाव्या आठवणीसाठी एक स्वतःच्या हाताने खोडायची, नाहीतर रोजनिशीत हलवायची. रोजनिशीतही चारच मावतात, आणि ती हरवू शकते. काही शतकांनी नायकाला आईचं नाव आठवत नाही, पण खोडलेल्या ओळीखाली ते खेळणाऱ्याला दिसत असतं. अमरत्व म्हणजे काय, हे सांगायला एकही वर्णन छापावं लागलेलं नाही. एका नियमाने ते काम केलं.

हे सगळे खेळ इंग्रजीत आहेत, आणि मोठी खोकी आपल्याकडे महाग पडतात. पण शॉन टॉमकिन यांच्या २०१८च्या ‘आयर्नस्वॉर्न’ची पीडीएफ फुकट मिळते. एकट्याने किंवा मिळून खेळता येतो, सूत्रधार लागत नाही. नायक विडा उचलतो आणि तो तडीस नेताना काय काय गमावतो, याचीच गोष्ट होते. श्रेय देऊन, विनानफा भाषांतर करायची मुभा त्याच्या परवान्यातच आहे. कुणीतरी हे काम मराठीत हाती घ्यावं, आणि त्यातल्या थंड उत्तरभूमीच्या जागी सह्याद्रीचे घाट आणावेत. भाषांतर होईपर्यंत ज्यांना इंग्रजी चालतं त्यांनी तो उतरवून घ्यावा. सहा बाजूंचा एक आणि दहा बाजूंचे दोन फासे जवळ असले की पुरे.