गावाचे मौन आणि रहस्यकादंबरी

आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुन्या पुस्तकांचा जो बाजार भरतो, त्यातील रहस्यकथांचे ढीग आपण अध्यापक मंडळी सहसा नुसते ओलांडून जातो. ‘करमणूक’ या एका शब्दात आपण या वाङ्मयाचा निकाल लावलेला असतो. तो निकाल फेरविचारास पात्र आहे, असे नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. मूळ कथेतील लेखक बालपणीच्या गावी परततो. पोरवयात तेथील एका ओसाड घरात त्याने जे पाहिले, त्या भीतीचा उलगडा त्याला करावयाचा असतो. ही रचना नवी नव्हे. सोफोक्लीजचा ईडिपस आपल्याच जन्मगावी खुनाचा शोध घेतो आणि अखेर स्वतःपाशीच येऊन पोहोचतो. परतणारा मनुष्य अर्धा परका, अर्धा गावकरी असतो. म्हणूनच इतरांनी टाळलेला प्रश्न त्याला विचारता येतो. या प्रकाराचे सामर्थ्य येथे आहे.

मर्यादाही येथेच दिसते. गावातील क्षुद्र पापे किंग बारकाईने रंगवितात. तरी संहार करणारे पिशाच्च बाहेरून आलेले असते. धारपांच्या समर्थकथांतही अमंगल शक्ती सात्त्विक शक्तीपुढे नमते. भय ओसरते, आणि गाव निर्दोष सुटते. वस्तुतः आपल्याकडील लहान गावात गुपित क्वचितच अज्ञात असते. भावकीला, शेजाराला, चावडीला ते ठाऊक असते; फक्त उच्चारले जात नाही. तेव्हा मराठी रहस्यकादंबरीचा खरा प्रश्न ‘कोणी केले?’ हा नसून ‘कोण गप्प राहिले?’ हा असावयास हवा.

हैदराबादच्या मराठी वाचकास याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. रझाकारांच्या अत्याचारांच्या हकिगती आपण ऐकत आलो, आणि त्या ऐकल्याच पाहिजेत. परंतु सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तत्कालीन उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर जो सूड उगविला गेला, त्याविषयी आपण किती बोललो? पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. प्रेतांनी भरलेल्या विहिरी तिच्या दृष्टीस पडल्या. तो अहवाल मात्र कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

अशा एखाद्या गावी परतलेल्या नातवाने ‘ही विहीर का बुजविली?’ एवढेच विचारले, तरी कादंबरीस आरंभ होईल. तीत भूत नसले तरी चालेल. अट एकच: शेवटच्या पानावर अपराधी सापडला, तरी गावाची आणि वाचकाची सुटका होता कामा नये.