मध्यस्थाचे निग्रहस्थान

सोसायटीच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिच्यातला शेवटचा विषय ठरलेला असतो : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. चर्चेतल्या न्यायाचा सगळा प्रश्न या एका ओळीत आहे. परवानगी कुणाला मिळते, कुणाला नाही, आणि नाही मिळाली तर दाद मागायची कुणाकडे?

चर्चा बिघडली की आपण म्हणतो, नियम करा. पण नियमांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त पाडत राहणं. शब्द फिरवण्याचे, म्हणजे छलाचे 3 प्रकार, फसव्या आक्षेपांचे, म्हणजे जातींचे 24, आणि जिथे बोलणारा हरला असं धरायचं ती निग्रहस्थानं 22.

आम्ही तत्त्वज्ञानाचे अध्यापक ही यादी वर्षानुवर्षं अभिमानाने शिकवत आलो. तिच्यातली एक उणीव मात्र आम्ही क्वचितच बोलून दाखवली. हे सगळे दोष वाद करणाऱ्यांचे आहेत. निवाडा करणाऱ्याच्या दोषांची यादी तिथे नाही.

प्राचीनांना हा धोका कळत नव्हता असं नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातला आठवा अध्याय पाहा. वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी, हे तिथे आहे. स्नेहाची चर्चा वेगळी, चुरशीची वेगळी. चुरशीची असेल तर काय करावं? सभेला आधीच आपलंसं करावं, आपल्या सोयीचा किंवा समोरच्याला जड जाईल असा विषय तिच्याकडूनच ठरवून घ्यावा. मग म्हणावं, वादाची मर्यादा ही सभाच ठरवील, आणि स्वतः गप्प बसावं! नियम आहेत, सभा आहे, सगळं रीतसर आहे. फक्त निकाल आधीच लागलेला आहे. चरकात हा सल्ला आहे, आपण तो इशारा म्हणून वाचायला हवा.

मग मध्यस्थच नको का? तसं केलं तर मोठा आवाज जिंकतो. न्यायसूत्रांत जल्प-वितंडेचं समर्थन करताना कोवळ्या अंकुरांभोवतीच्या काटेरी फांद्यांची उपमा दिली आहे. कुंपण हवंच. पण कुंपणच शेत खाऊ लागलं तर?

आमच्या मते उत्तर त्या 22 मध्येच दडलेलं आहे. त्यातली दोन निग्रहस्थानं अशी : जिथे दोष दाखवायला हवा तिथे तो न दाखवणं, हे पर्यनुयोज्योपेक्षण, आणि जिथे दोष नाही तिथे तो लावणं, हा निरनुयोज्यानुयोग. ही दोन्ही मध्यस्थाला लावा. पहिल्याबद्दल वात्स्यायन म्हणतात की ते सभेने दाखवावं, कारण हरलेला माणूस आपली लाज आपणच कशाला उघडी करील? मध्यस्थाचंही तेच. त्याची चूक तो स्वतः सांगणार नाही, सभेलाच ती सांगता आली पाहिजे.

आम्ही स्वतः कितीतरी चर्चासत्रांत अध्यक्षाची घंटा वाजवली आहे. नामवंत वक्त्याला 'दोनच मिनिटं' म्हणत दहा दिली, आणि मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला 'प्रश्न विषयाबाहेरचा आहे' म्हणून बसवलं. पहिली उपेक्षा, दुसरा खोटा आरोप. नियम एकही मोडला नव्हता.

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. निवाडा मंडनमिश्रांच्या पत्नीकडे. तिने दोघांच्या गळ्यात माळा घातल्या. ज्याची सुकेल तो हरला. पतीची सुकली. आपण ही कथा तिच्या निःपक्षपातीपणासाठी सांगतो. माळ सुकण्याचा युक्तिवादाशी काय संबंध, हा आक्षेप रास्तच आहे. पण कसोटी आधी सांगितलेली होती, दोघांना सारखी होती, आणि सगळ्या सभेला दिसत होती. एवढं तरी आपल्या अध्यक्षांकडून मागायला काय हरकत आहे?

आता प्रश्न घेऊ. ज्यांना आम्ही मध्येच थांबवू, त्यांनी कारण जरूर विचारावं.