माहेरचा आवाज, लेकीची लेखणी

पत्रवाङ्मय म्हटले की आपल्या अभ्यासकांना थोरामोठ्यांचा पत्रव्यवहार आठवतो. शिकण्यासाठी दूर गेलेल्या लेकीला शेतकऱ्याच्या घरून जी पत्रे जात, ती मात्र कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाही. कारण उघड आहे. ज्या माउलीला सांगायचे असे, तिला लिहिता येत नसे. आणि ज्याच्या हाती लेखणी असे, त्याच्या मनात आणखी काही असे. या दृष्टीने सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात (१९८८) ते आहे.

नायगाव आज सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात मोडते. तेथील नेवसे पाटलांची ही लेक १८४० साली लग्न होऊन गेली, लग्नानंतर शिकली आणि १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागली. पुढे आजारपणात ती माहेरी आली. भावाने तिची मनापासून शुश्रूषा केली. त्याच भावाने तिला ऐकवले की, तुम्हां दोघांना वाळीत टाकले ते योग्यच झाले. महार-मांगांसाठी चालवलेले हे काम सोडा आणि जातिरूढीने वागा.

व्याख्यानांतून बहुधा सावित्रीबाईंचे उत्तर तेवढे सांगितले जाते. ते तेजस्वी आहेच. गाय-शेळीला कुरवाळता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, मग माणसाचाच विटाळ का, असा त्याचा आशय आहे. हा युक्तिवाद ग्रंथांतून आलेला नाही. तो गोठ्यातून आणि शेताच्या बांधावरून आला आहे. भावाशी बोलायचे तर त्याच्याच जगातले दाखले हवेत, हे त्या जाणतात.

परंतु पत्राचे खरे मोल आम्हांस दुसरीकडे दिसते. सावित्रीबाई भावाची बाजू गाळीत नाहीत. त्याची माया त्या लिहितात, त्याचा कडवट आरोपही लिहितात, आणि हे सारे ऐकणाऱ्या आईलाही पत्रात जागा देतात. आईचे माहेरपण आणि भावाचा विरोध एकाच कागदावर नांदतात.

एक उणीवही सांगितली पाहिजे. भावाचे शब्द आपणांस बहिणीच्या लेखणीतूनच मिळतात, आणि त्या वादात तो लवकर खजील होतो. त्याने स्वतः लेखणी धरली असती तर?

त्याचा थोडा अंदाज आम्हांस पुढे दुसऱ्याच पत्रांवरून आला. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० पासून तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्यातील तासगाव भागातल्या एका शेतकरी घरून, कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला १९८० नंतर गेलेली अंतर्देशीय पत्रे तिने आम्हांस वाचावयास दिली. आई सांगे, धाकटा भाऊ लिही. द्राक्षाच्या काड्यांची छाटणी, न आलेला पाऊस, व्यालेली म्हैस, वसतिगृहाची फी, सारे एका दमात. कागद संपत आला की कडेला भावाची स्वतःची बारीक अक्षरांतली ओळ येई: स्थळ आले आहे, घरात बोलणी चालू आहेत, आता शिक्षण पुरे कर. रोमकरांस पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियानेही शेवटी आपला नमस्कार घातलाच आहे. लेखकू कधी नुसता लेखकू राहत नाही.

फी पाठवणारे घर तेच आणि शिक्षण पुरे म्हणणारेही घर तेच. यांतले एक खरे आणि दुसरे खोटे, असे ठरवणारा टीकाकार ही पत्रे चुकीची वाचील. पुढेमागे अशी पत्रे कोणी छापलीच, तर कडेच्या ओळी गाळू नयेत, एवढी आमची विनंती आहे.

आईच्या प्रत्येक पत्राला आपण उत्तर दिले, पण भावाच्या त्या ओळीला एकदाही दिले नाही, असे ती बाई आम्हांस म्हणाली. आता तो भाऊ हयात नाही. नायगावच्या लेकीने आपल्या भावाला उत्तर दिले, आणि उत्तर देताना त्याचा हात सोडला नाही.