रीळ-तिकिटांच्या सपाट कडांचा पुरावा

सुट्या टपाल-तिकिटाच्या समोरासमोरच्या दोन कडा सपाट दिसल्या कीं तें रिळांतलें, असा निर्णय देऊन मोकळें होण्याची चाल आपल्याकडील संग्राहकांत पडली आहे. मोडी कागदाचा काळ केवळ अक्षराच्या वळणावरून ठरविणाऱ्यास आपण हंसतों. तिकिटांच्या बाबतींत मात्र तोच उतावीळपणा पारख म्हणून चालतो. गेल्या वर्षीं एका स्नेह्यांनीं अमेरिकेचें वॉशिंग्टनच्या मुखवट्याचें दोन सेंटांचें तांबडें तिकीट आम्हांस दाखविलें. वरची व खालची कड सपाट, दोन्ही बाजूंस १२ मापाचे दात. १९१० सालचें दुर्मिळ रीळ-तिकीट म्हणून त्यांनीं तें बरेंच द्रव्य मोजून घेतलें होतें. त्यावरून हा विचार सुचला.

रीळ म्हणजे यंत्रांतून विकण्यासाठीं किंवा पाकिटांवर यंत्रानें चिकटविण्यासाठीं गुंडाळलेली तिकिटांची लांब पट्टी. पट्टीच्या लांब कडा कापलेल्या असल्यामुळें सपाट. छिद्रें काय तीं तिकिटा-तिकिटांमध्यें. छिद्रांचें माप म्हणजे दोन सेंटिमीटर लांबींत येणारी त्यांची संख्या. ही मोजणी पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनीं १८६६ त प्रचारांत आणली. १९०८ त अमेरिकन सरकारनें पहिलीं रिळें काढलीं तेव्हां त्यांस तावाच्या तिकिटांचेंच १२ माप दिलें, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू झाला. चारशें तिकिटांचा छापील ताव चार ठिकाणीं विभागून शंभर-शंभरांचे तुकडे विकीत. त्या विभाजनरेषेवर छिद्रें नसत; तिच्या लगतच्या तिकिटाची एक कड जन्मतःच सपाट असे. अशा तिकिटाची समोरची दंतुर कड कात्रीनें उतरविली कीं रीळ-तिकीट तयार! कारखाना नको, शाई नको, कागद तर सरकारीच.

खऱ्या रिळाची पट्टी दोन ओळींमधील मोकळ्या जागेंत कापलेली असल्यामुळें चित्राच्या बाहेर दोन्ही कडांस पांढरा कागद राहतो. दात पुरते उतरवावयाचे तर छिद्रांच्याहि आंत कापावें लागतें, व तो पांढरा कागद अरुंद होतो. शिवाय दोन्ही सपाट कडा समांतर आहेत कीं नाहींत, हें पाहावें. पण रुंद किनारीचीं तिकिटें मुद्दाम निवडून कातरणारे लोकहि आहेत, म्हणून या दोहोंपैकीं एकच परीक्षा घेऊन थांबूं नये. उलट बाजूनें, छिद्रें न पाडलेले तावहि टपालखातें विकीत असे. त्यांच्या पट्ट्यांस घरीं छिद्रें पाडणें हा दुसरा उद्योग.

१२ छिद्रांची पट्टी यंत्रांत फार लवकर तुटे, म्हणून १९१० त रिळांचें माप ८½ केलें. तीं तिकिटें सुटीं करण्यास चिवट ठरलीं, तेव्हां १९१४ त १० हें माप आलें. आतां पाहा: ८½ मापाचा ताव त्या वेळीं नसे, म्हणून तेथें कात्री निरुपयोगी, लबाडास छिद्रें पाडण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. पण १९१४ तच तावाचें मापहि १० झालें व कात्रीचा धंदा पुन्हा चालूं लागला. १९१७ त ताव ११ मापावर गेला. म्हणजे छिद्रांच्या अंकास स्वतःचें असें मोल नाहीं. त्या सालीं तावास कोणतें माप होतें, हें पाहिल्यावांचून तो अंक बोलत नाहीं. संग्राहकांच्या टिपणांत हा मुद्दा क्वचितच आढळतो.

१९१४ त चक्राकार छपाई आली. सपाट पत्रा वांकवून यंत्राच्या चक्रावर बसविला कीं चित्र वांकाच्या दिशेनें किंचित् ताणलें जातें. सपाट पत्र्याचें चित्र सुमारें १८½ ते १९ मिलिमीटर रुंद व २२ उंच. चक्रावरील आडव्या रिळांचें १९½ ते २० रुंद, उभ्या रिळांचें २२½ उंच. ही मोजणी कात्रीनें फिरवितां येत नाहीं. दोन वांकविलेल्या पत्र्यांच्या सांध्यांत शाई साचून जी रेघ उमटते तिला मात्र अवास्तव महत्त्व देऊं नये. सपाट पत्र्यांवरहि विभाजनासाठीं रेघ असे.

याच छपाईनें उलटें कोडेंहि घातलें. रिळासाठीं छापलेल्या कागदाचीं अखेरचीं अपुरीं टोकें वायां जाऊं नयेत म्हणून १९१९ त त्यांचे लहान ताव केले. उभीं छिद्रें १० मापाचीं आधींच पडलेलीं. आडवीं ११ मापाचीं तावाच्या यंत्रावर पाडलीं. चारहि कडा दंतुर, पण जन्म रिळाचा. सपाट कड शोधणाऱ्याच्या हातून तें सुटतें.

१९११ चें जांभळें तीन सेंटांचें १२ मापाचें रीळ-तिकीट न्यूयॉर्क संस्थानांतील ऑरेंजबर्ग या गांवाच्या नांवानें ओळखलें जातें. तेथील बेल औषध कंपनीनें वैद्यांस नमुने पाठवितांना तीं लावलीं; बहुतेक ज्ञात नग त्या टपालांतलेच आहेत. येथें पाकीट व त्यावरील शिक्का हाच मुख्य साक्षी. तरीहि जुन्या पत्रव्यवहारांतून तिकिटें भिजवून सोडविण्याचा सोस अजून जात नाहीं. आम्हीहि तरुणपणीं एक गठ्ठा असाच पाण्यांत घातला. राहिलीं तीं सुटीं तिकिटें, आणि तीं कोणीं कोणास लावलीं हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं.

स्नेह्यांच्या तिकिटाची आम्ही मोजणी केली. वरच्या व खालच्या सपाट कडांमधील अंतर एका टोकास दुसऱ्यापेक्षां अर्धा मिलिमीटर अधिक भरलें. भिंगाखालीं खालच्या कडेस दोन छिद्रांच्या तळाचे उथळ खळगे दिसले. त्यांनीं तें परत केलें नाहीं. वहींत आहे तेथेंच ठेवून खालीं पेन्सिलीनें ‘कातरलेलें’ एवढेंच लिहिलें.